हेफेवायझेन चाखायला निघालात? मायक्रोब्रुअरीत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअर जिथे होते तिथेच देणाऱ्या छोट्या ठिकाणी, नव्याने आलेल्या माणसाने "फार कडू नको, काहीतरी हलकं द्या" असं सांगितलं, की बऱ्याचदा हेफेवायझेन ही गव्हाची बिअर समोर येते. उंच ग्लास, आत गढूळ पिवळी बिअर, वर चार बोटं फेस आणि ग्लास जवळ नेताच पिकलेल्या केळ्याचा वास. लगेच प्रश्न सुरू होतात. बिअर एवढी गढूळ कशी, खराब झाली का? केळ्याचा वास येतोय म्हणजे इसेन्स घातलंय का? काठावर लिंबाची चकती आहे, ती पिळायची की बाजूला ठेवायची?

सुरुवातीला मलाही हेच प्रश्न पडायचे. नंतर ब्रुअर (बिअर करणाऱ्या) मंडळींशी बोलून, वाचून आणि सावकाश चाखून जे उमजत गेलं, ते इथे क्रमाने देते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. या बिअरची खरी ओळख यीस्टमध्ये, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांमध्ये आहे. यीस्टने ग्लासात काय काय करून ठेवलंय ते नाकाने आणि जिभेने शोधायचं, एवढंच तिचं चाखणं. ते घाईत जमत नाही, आणि सहा वेगवेगळ्या बिअरच्या छोट्या ग्लासांच्या ताटलीत तर मुळीच नाही. म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्या वेळी एकच प्रकार घ्या आणि त्याला पुरता वेळ द्या.

हा लेख अर्थातच आपापल्या भागात मद्य घेण्याचं कायदेशीर वय पूर्ण केलेल्यांसाठी आहे.

1. आधी नावांचा गोंधळ सोडवून घ्या

मेन्यूवर 'व्हीट बिअर' एवढंच लिहिलं असेल तर त्यावरून फारसं काही कळत नाही. गव्हाच्या बिअरचे निदान चार वेगवेगळे प्रकार याच नावाखाली विकले जातात आणि त्यांच्या चवी एकमेकींपासून खूप लांब आहेत.

हेफेवायझेन दक्षिण जर्मनीतल्या बायर्न (बव्हेरिया) प्रांताची. तिथे तिला वाइसबिअर म्हणतात, जर्मनीच्या इतर भागांत वायझेन. जर्मन नियमानुसार हे नाव लावायचं तर वापरलेल्या माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या धान्यात) निम्मा तरी वाटा गव्हाच्या माल्टचा हवा, आणि बिअर वरच्या थरात आंबणाऱ्या यीस्टनेच आंबवलेली हवी. ती न गाळता दिली की 'हेफे' (जर्मनमध्ये यीस्ट), कारण यीस्ट आतच राहतं. तीच गाळून चकचकीत केली की क्रिस्टालवायझेन. गडद माल्ट वापरून केली की डुंकेलवायझेन. जास्त ताकदीची केली की वायझेनबॉक.

बेल्जियमची विटबिअर दिसायला अगदी सारखी, तितकीच गढूळ आणि फिकट. तिच्यात मात्र धणे आणि संत्र्याची साल घातलेली असते आणि गहू बहुधा माल्ट न केलेला असतो. नवख्यांचा सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. विटबिअर पिऊन ते "हेफेवायझेन चाखली" म्हणतात, आणि पुढच्या वेळी खरी हेफेवायझेन आली की संत्र्याचा वास शोधत बसतात.

अमेरिकी पद्धतीची व्हीट बिअर साध्या यीस्टने करतात, त्यामुळे केळं-लवंग काही नाही. बर्लिनर वाइस जर्मनच, पण आंबट आणि जेमतेम 3 टक्क्यांच्या आसपास मद्य असलेली. बर्लिनमध्ये तिच्यात रास्पबेरीचं लाल किंवा वाल्डमाइस्टर या रानपानाचं हिरवं सिरप घालून देतात. नावात 'वाइस' पाहून ती मागवली आणि आंबट निघाली, तर दोष बिअरचा नाही.

म्हणून मागवताना थेट विचारा: "ही बायर्न पद्धतीची आहे का? यात मसाला किंवा फळ घातलंय का?" फळ घातलेली हेफेवायझेन चांगली असू शकते, पण ओळख करून घ्यायला ती उपयोगाची नाही. फळाच्या वासाखाली यीस्टचं काम झाकलं जातं.

2. ही बिअर अशी का झाली, तेवढं माहीत असू द्या

हा टप्पा गाळून थेट मायक्रोब्रुअरीत गेलात तरी चालेल. पण थोडी माहिती असली की घोटाचा अर्थ लागतो, असा माझा अनुभव आहे.

23 एप्रिल 1516 रोजी इंगोलश्टाट इथे बायर्नचे ड्यूक विल्हेल्म चौथे आणि लुडविग दहावे यांनी बिअरबद्दलचा प्रसिद्ध हुकूम काढला. बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) आणि पाणी असावं, असं त्यात म्हटलं होतं. गहू पावासाठी राखावा, हा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही. आंबण्यामागे सूक्ष्मजीव आहेत हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.

या हुकुमाप्रमाणे गव्हाची बिअर बसतच नव्हती. तरी ती टिकली, कारण डेगनबेर्ग या सरदार घराण्याकडे ती करण्याचा खास हक्क होता. 1602 मध्ये ते घराणं निर्वंश झालं आणि हक्क ड्यूक माक्सिमिलियान पहिले यांच्याकडे आला. बार्लीच्या बिअरवर नियमांचा पहारा ठेवणाऱ्या राजघराण्याने गव्हाच्या बिअरचा मक्ता स्वतःकडे ठेवला आणि तिजोरी भरली. पुढे एकोणिसाव्या शतकात थंड तापमानात आंबवलेल्या लागर बिअरने बाजार व्यापला आणि गव्हाची बिअर मागे पडत गेली. 1872 मध्ये गेऑर्ग श्नायडर यांनी ती करण्याचा हक्क राजघराण्याकडून मिळवला. त्यांच्या वंशजांची ब्रुअरी आज केलहाइममध्ये आहे, आणि या प्रकारचा मापदंड म्हणून तिच्या बिअरचं नाव आजही घेतलं जातं. दुसरं नाव फ्रायझिंगच्या वाइहेनश्टेफानचं. तिथल्या संग्रहातलं 68 क्रमांकाचं यीस्ट जगभरातले हेफेवायझेन करणारे ब्रुअर ओळखतात.

आता केळं आणि लवंग. बिअरमध्ये यातलं काहीही घातलेलं नसतं. आंबताना हे यीस्ट आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं संयुग तयार करतं. पिकलेल्या केळ्याच्या वासातही तेच मुख्य असतं. लवंगेसारखा वास चार-व्हिनाइल ग्वायाकोलचा. माल्टमध्ये फेरुलिक आम्ल असतं, त्यापासून यीस्ट ते बनवतं. माल्ट गरम पाण्यात भिजवताना ब्रुअरने तापमान थोडा वेळ 45 अंश सेल्सियसच्या आसपास रोखून धरलं, तर फेरुलिक आम्ल जास्त सुटतं आणि लवंग वाढते. आंबवण्याचं तापमान चढं ठेवलं तर साधारणपणे केळं वाढतं. एकाच कृतीने केलेली बिअर एका ब्रुअरीत केळ्याकडे आणि दुसरीत लवंगेकडे झुकते ती अशा निर्णयांमुळे.

गढूळपणाचं कारण गव्हातली प्रथिनं आणि तरंगणारं यीस्ट. फेस दाट आणि टिकाऊ होण्यातही गव्हाच्या प्रथिनांचाच हात.

3. सोबत काय घ्यायचं

- वयाचा पुरावा असलेलं मूळ ओळखपत्र. फोनमधला फोटो सगळीकडे चालत नाही.
- छोटी वही आणि पेन. फोनवर नोंद घेतली तरी चालेल, पण फोन हातात आला की लक्ष भरकटतं.
- पांढरा कोरा कागद. रंग पाहायला ग्लासामागे धरायचा.
- साधं पाणी. तिथे मिळेलच, फक्त मागून घ्या.
- परतीची सोय. गाडी चालवणारा न पिणारा सोबती, टॅक्सी किंवा बस. ही सोय निघण्याआधी झालेली असू द्या, ग्लास रिकामा झाल्यावर तिचा विचार करू नका.

काय नको तेही सांगते. अत्तर नको, तीव्र वासाचं हँड क्रीम नको, नुकताच ओढलेला धूर नको. टेबलावर बसल्यावर वासाचं सॅनिटायझर हाताला चोळलंत तर पुढची दहा मिनिटं ग्लासातून त्याचाच वास येईल. लिपस्टिक किंवा लिप बाम असेल तर पुसून टाका. त्यातल्या तेलाने फेस बसतो.

गव्हाची किंवा ग्लुटेनची अ‍ॅलर्जी असेल तर ही बिअर तुमच्यासाठी नाही, कारण गहू आणि बार्ली दोन्ही तिच्यात आहेत. गरोदरपणात कोणतंही मद्य टाळा. नियमित औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

4. गर्दी नसलेली वेळ निवडा

आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपार किंवा संध्याकाळची सुरुवात उत्तम. नाक ताजं असतं, संगीताचा आवाज कमी असतो, आणि मुख्य म्हणजे कर्मचाऱ्यांना बोलायला सवड असते. ब्रुअर स्वतः भेटण्याची शक्यताही तेव्हाच जास्त. रिकाम्या पोटी जाऊ नका, पण तिखट किंवा लसणीचं जेवून लगेचही जाऊ नका. स्वयंपाकघराच्या दाराजवळचं टेबल टाळा, तळणाचा वास नाकात बसतो.

5. मागवण्याआधी चार प्रश्न

मायक्रोब्रुअरीत बिअर जिथे होते तिथेच मिळते, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा. बाटली दुकानात किती दिवस, कशा उन्हात उभी होती ते आपल्याला कळत नाही. इथे सरळ विचारता येतं. विचारायला संकोच वाटत असेल तर तो सोडा. ज्याने बिअर मनापासून केली आहे त्याला असे प्रश्न आवडतात.

पहिला प्रश्न: ही बॅच कधी तयार झाली? हेफेवायझेन जुनी करून ठेवायची बिअर नाही. केळ्याचा ताजा वास काही आठवड्यांत उतरायला लागतो. पण अगदीच कच्चीही नको. आंबणं संपल्यावर थोडे दिवस थंड विश्रांती मिळाली नसेल, तर हिरव्या सफरचंदाचा किंवा गंधकाचा वास राहतो.

दुसरा: टाकीतून येते की केगमधून (धातूच्या पिंपातून)? केगमध्ये यीस्ट हळूहळू तळाशी बसतं. बहुतेक केगमधली नळी तळातूनच बिअर ओढते, त्यामुळे नवीन केगचे पहिले ग्लास फार दाट आणि नंतरचे निवळ येऊ शकतात. तुमच्या ग्लासात यीस्ट जवळपास नाहीच असं दिसलं, तर यामुळे असेल.

तिसरा: मद्याचं प्रमाण किती? या प्रकारात ते साधारण 4.3 ते 5.6 टक्के असतं. फलकावर 7 दिसलं तर ती दुसरीच काहीतरी आहे.

चौथा: कडूपणाचा आकडा किती? आयबीयू नावाचं माप बऱ्याच फलकांवर लिहिलेलं असतं. हेफेवायझेनचं ते 8 ते 15 च्या दरम्यान असतं. जर्मन पिल्सनर या लागर बिअरचं 22 ते 40. तीस-चाळीस आयबीयूच्या 'हेफेवायझेन'मध्ये हॉप्स पुढे येतात आणि यीस्ट मागे राहतं.

उत्तरं पटली तर आधी छोटं सॅम्पल मागा. एखादा घोट बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. ते ठीक वाटलं की पूर्ण ग्लास. सॅम्पलवर अख्खी चव ठरवू नका. त्यात फेस धड बनत नाही आणि वास साचायला जागाच नसते. सॅम्पलचा उपयोग बिअर खराब तर नाही ना, एवढं पाहण्यापुरता.

6. ग्लास, थंडपणा आणि लिंबू

या बिअरचा ग्लास ठरलेला आहे. उंच, तळाशी जाड, मध्ये निमुळता आणि वर फुगीर, अर्धा लिटर बिअर आणि वर फेसाला भरपूर जागा. बारीक कमरेमुळे बुडबुडे वर जाताना दिसतात आणि वरच्या फुगवट्यात फेस व वास साठतो. तो नसेल तर वर थोडा आत वळलेला कोणताही मोठा ग्लास मागा. सरळ जाडजूड मग नको.

ग्लास फ्रीजरमधून काढून पांढरा झालेला असेल तर बदलून मागा. हा आग्रह मी कधीच सोडत नाही. गोठलेल्या ग्लासात बिअर इतकी थंड होते, की वास उठतच नाही आणि जीभ बधिर होते. हेफेवायझेनला 7-8 अंश सेल्सियस पुरे. गार पाण्याने नुकताच विसळलेला ओला ग्लास सगळ्यात चांगला. बिअर आल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही असं समजा.

लिंबाच्या चकतीबद्दल मतं वेगवेगळी आहेत. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या ग्लासात नको. लिंबाच्या सालीतलं तेल फेस मोडतं आणि त्याचा वास लवंगेवर बसतो. "लिंबू वेगळं द्या" असं आधीच सांगून ठेवा. अर्धा ग्लास झाल्यावर घालून पाहायचं असेल तर जरूर पाहा, फरक लगेच कळेल.

बाटलीतली हेफेवायझेन असेल तर ओतण्याची रीत शिकून घ्या. ग्लास तिरका धरा आणि कडेवरून हळूहळू ओता. तळाशी दोन बोटं बिअर राहिली की थांबा. बाटली गोल गोल फिरवून तळाचं यीस्ट हलवा आणि ते फेसावर सोडा. नळावरच्या बिअरला ही रीत लागू नाही, ती मिसळूनच येते. पण बाटली मिळाली तर यीस्ट घालण्याआधी एक घोट आणि घातल्यावर एक घोट घ्या. यीस्टने बिअर किती भरीव होते हे दोन घोटांत समजतं.

सोबत कोणी असेल तर बायर्नची एक पद्धत पाळता येईल. वाइसबिअरचा ग्लास वरच्या काठाने न भिडवता जाड तळाने भिडवतात, कारण वरची काच पातळ असते. "प्रोस्ट" म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं.

7. आता चाखा, पण नाकापासून

ग्लास समोर आला की आधी वास घ्या, पाहणं नंतर. क्रम मुद्दाम उलटा सांगते आहे. फेस ताजा असतो ती पहिली दोन मिनिटं वास सगळ्यात जास्त उठतो, रंग कुठे पळून जात नाही. नाक फेसाच्या जवळ न्या आणि लहान लहान दोन-तीन हुंग घ्या. एकच लांब श्वास घेतला तर नाक लवकर थकतं. थकलंच तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या आणि परत या.

केळं बहुधा लगेच सापडतं. ते कसं आहे ते शोधा: कच्चं, पिवळं, की साल काळी पडलेलं अति पिकलेलं? लवंग जरा खोल असते. पहिल्या हुंगण्यात ती सापडली नाही तर गडबडू नका. ग्लास हलकेच गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. काहींना ती लवंगेऐवजी मिरीसारखी किंवा हलक्या धुरासारखी वाटते. त्यांच्यामागे पाव किंवा भिजलेल्या कणकेचा वास असतो, तो गव्हाचा. थोडी व्हॅनिला किंवा बबलगमची झाक आली तर तीही या प्रकारात चालते. हॉप्सचा वास जवळपास नसतोच.

मग कागद मागे धरून रंग पाहा. फिकट पिवळ्यापासून सोनेरीपर्यंत, गढूळ पण उजेड आरपार जाईल असा. फेस पांढरा, दाट, आणि निदान काही मिनिटं टिकणारा. तो एका मिनिटात विरला तर ग्लास तेलकट आहे किंवा बिअरमध्ये वायू कमी आहे.

पहिला घोट लहान नको. तोंडभर घ्या, जिभेवर पसरू द्या, गिळा, आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. या सोडलेल्या श्वासात वास परत येतो, आणि लवंग बऱ्याच जणांना पहिल्यांदा इथेच भेटते. वाइन चाखणारे थुंकतात तसं बिअरला करत नाहीत, कारण कडूपणाचा आणि शेवटच्या चवीचा अंदाज गिळल्यावरच नीट येतो.

तोंडात काय शोधायचं? बुडबुडे भरपूर आणि जिवंत असायला हवेत. या बिअरमध्ये वायू बऱ्याच बिअरपेक्षा जास्त असतो. त्यामुळे गव्हाचा भरीवपणा असूनही ती जड वाटत नाही. गोडसरपणा असतो, पण गिळल्यावर तोंड बऱ्यापैकी कोरडं व्हायला हवं. जिभेच्या कडेला हलकी आंबट चुणूक आली तर छान. कडूपणा फक्त गोडीला आवर घालण्यापुरता.

दुसऱ्या घोटानंतर वही उघडा. शेजाऱ्याला काय वाटलं ते विचारण्याआधी स्वतःचे शब्द लिहा. दुसऱ्याने "व्हॅनिला" म्हटलं की आपल्यालाही व्हॅनिलाच येऊ लागते, इतकं नाक भोळं असतं. तज्ज्ञांचे शब्द वापरायची गरज नाही. "आजीच्या कपाटाचा वास" असं लिहिलंत तरी तुमच्यासाठी ती चांगली नोंद आहे, पुढच्या वेळी तुम्हाला तेच आठवणार आहे.

आता दहा मिनिटं थांबा. खरंच थांबा. बिअर थोडी कोमट होऊ द्या आणि मग पुन्हा हुंगा. थंडीत दबलेली लवंग वर येते, केळं मऊ होतं, पावाचा वास वाढतो. चांगली हेफेवायझेन या दहा मिनिटांत फुलते. साधारण असेल तर तिचे दोष वर येतात. दोन ब्रुअरींमधला फरक मला सगळ्यात स्पष्ट इथेच दिसतो.

8. न आवडणं आणि बिघडणं यातला फरक

केळ्याचा वासच आवडत नसेल तर ही बिअर तुमची नाही, एवढंच. त्यात तुमची किंवा ब्रुअरची चूक नाही. पण काही वास मात्र बिघाडाचे असतात:

- लोणी किंवा बटर पॉपकॉर्न, जिभेवर तेलकट बुळबुळीतपणा: डायअ‍ॅसिटिल. आंबणं पूर्ण झालं नाही किंवा नळाच्या नळ्यांत जंतू आहेत.
- व्हिनेगरचा झणका: जंतूंची बाधा. बऱ्याचदा न धुतलेल्या नळ्यांमुळे.
- उकडलेला मका: डायमिथाइल सल्फाइड, जे उकळताना निघून जायला हवं होतं.
- हिरवं सफरचंद: बिअर कच्ची आहे.
- ओला पुठ्ठा: ऑक्सिजन लागून शिळी झाली.
- दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा वास: क्लोरीनचा संबंध. याला लवंग समजण्याची चूक होते. लवंग उबदार आणि गोडसर असते, हा वास टोचतो.
- नेलपॉलिश: फार गरम आंबवल्याची खूण.

यातला एखादा वास ठळक आला तर ग्लास तसाच ठेवा आणि कर्मचाऱ्याला शांतपणे सांगा: "याला व्हिनेगरसारखा वास येतोय, तुम्ही एकदा बघता का?" कशाचा वास येतोय ते नेमकं सांगा. "खराब आहे" म्हटलं की समोरचा बचावात जातो. वासाचं नाव घेतलं की तो स्वतः हुंगून बघतो. चांगल्या ठिकाणी ग्लास बदलून देतात आणि ब्रुअरपर्यंत निरोपही जातो.

आणि एक सापळा. गढूळपणावरून काहीही ठरवू नका. गढूळ म्हणजे ताजी, असंही नाही. बिघडलेली बिअरही गढूळच असते.

9. सोबत खायचं असेल तर

पहिला अर्धा ग्लास काहीही न खाता प्या. नंतर कमी मसाल्याचं काहीही चालेल. बायर्नमध्ये दुपारचे बारा वाजायच्या आत वाइसवुर्स्ट नावाचे पांढरे सॉसेज, गोड मोहरी आणि ब्रेत्झेल नावाचा खारट पाव यांच्यासोबत वाइसबिअर घेण्याची जुनी चाल आहे. त्यात मसाला सौम्य, मीठ बेताचं, त्यामुळे यीस्टच्या वासाला धक्का लागत नाही. तुम्ही काहीही निवडा, फक्त झणझणीत नको. तिखटाने पेटलेल्या जिभेवर बुडबुडे टोचतात आणि चव संपते.

10. किती घ्यायची

5 टक्के मद्याच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये सुमारे 20 ग्रॅम शुद्ध मद्य असतं. चाखण्यासाठी एक ग्लास पुरेसा आहे. दुसऱ्या ग्लासापर्यंत नाक थकलेलं असतं आणि नोंदी सैल होतात. हलकी लागते, कडू नाही, म्हणून ही बिअर भराभर उतरते. त्यामुळे दर काही घोटांमागे पाणी घ्या. थोडी जरी घेतली असली तरी गाडी चालवू नका.

निघण्याआधी वहीत पाच गोष्टी आहेत ना ते पाहा: तारीख, ठिकाण, बॅच कधीची, थंड असतानाचा वास, कोमट झाल्यावरचा वास. आवडली की नाही ते शेवटी एका ओळीत.

11. पुढचा ग्लास कोणता

याच प्रकारची दुसऱ्या मायक्रोब्रुअरीतली हेफेवायझेन. नवीन प्रकाराकडे लगेच उडी मारण्यापेक्षा मला हाच मार्ग बरा वाटतो. वहीतली नोंद समोर ठेवा आणि बघा: इथे केळं जास्त की लवंग? शेवट कोरडा की गोड? दोन ठिकाणांची तुलना झाली की आपल्याला कोणत्या बाजूची आवडते ते कळतं, आणि मागवताना "लवंगेकडे झुकणारी आहे का?" असं विचारता येतं. त्या प्रश्नावर ब्रुअर खुर्ची ओढून बसला तर नवल नाही.

त्यानंतर क्रिस्टालवायझेन मिळाली तर घ्या. यीस्ट गाळल्यावर काय उरतं ते तिथे दिसतं. मग डुंकेलवायझेन: तिच्यात केळ्यासोबत भाजलेल्या पावाची आणि कॅरॅमलची चव येते. वायझेनबॉक सगळ्यात शेवटी. तिचं मद्य साधारण साडेसहा ते नऊ टक्क्यांपर्यंत जातं आणि वासात मनुका, खजूर आणि लवंग एकत्र येतात. ती लहान ग्लासात मागवा, आणि तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवा.